दिसलं

सरावाला बसलेला जादूगार चारही एक्के गड्डीच्या तळाशी ठेवून पत्ते पिसायचा, मग रिकाम्या मुठीतून एकेक काढायचा. समोर बायको शिवत बसलेली असायची. त्याचं बोट जरा चुकलं की ती हात न थांबवता म्हणायची, “दिसलं.” या एका शब्दाने त्याला आयुष्यभर रडवलं होतं. गेला महिनाभर मात्र ती “नाही दिसलं हो,” म्हणत होती आणि म्हातारपणी हात सुधारला म्हणून स्वारी खुशीत होती. आज इस्पिकचा एक्का निसटला आणि तिच्या पुढ्यात सुलटा पडला. जीभ चावून त्याने विचारलं, “दिसलं?” “छे. आता कोणाच्या बापाला दिसणार नाही.” ती त्याच्या खांद्यापलीकडे बघत हसत होती. बोटं टाके घालतच होती. सुईत दोराच नव्हता. त्याने एक्का तिच्या डोळ्यांदेखत उचलून गड्डीत ठेवला. “बघा,” ती म्हणाली, “जमलं शेवटी.”