काठावरची ह्वोन

रान्वेइगची गाडी फाटकाशी थांबली तेव्हा केटिल दारातच उभा होता. मागच्या ट्रॉलीत पाच कोकरं एकमेकांना चिकटून उभी होती.

"उतरवू ना?" शेजारीण म्हणाली. "की अजून विचारच चाललाय?"

केटिलनं तळ्याकडे पाहिलं. पाण्याच्या कडेपासून थेट घराच्या भिंतीपर्यंत, लाव्हाच्या काळ्या खडकांच्या फटीफटीतून ह्वोन ही रानटी वनस्पती माजली होती. पुरुषभर उंच, शेपूसारखे तुरे बियांनी वाकलेले, बुडाशी पानं अजून हिरवीगार. मेंढ्या होत्या तोवर या काठावर तिचा कोंबसुद्धा टिकत नसे, बायको कितीही ओरडून त्यांना हाकलत असली तरी. मग रोग आला. सरकारी माणसं अख्खा कळप घेऊन गेली आणि दोन वर्षं जमीन मोकळी ठेवायला सांगून गेली. पहिल्या उन्हाळ्यात केटिलची बायको आउस्दीस वारली. दुसऱ्या उन्हाळ्यात ह्वोन दारापर्यंत आली.

"अरे, मुका झालास का?"

केटिल खाकरला. "बऱ्याच दिवसांत बोललो नाही कुणाशी. आवाज फुटायला वेळ लागतो."

रान्वेइग हसली नाही. गाडीला टेकून उभी राहिली. "सोडली ना यांना, की महिन्याभरात सगळं साफ करतील बघ."

"माहीत आहे."

"आउस्दीसला या देठांचा मुरंबा करायला किती आवडायचं. तू होडी वल्हवत तळ्यातल्या बेटावरून आणून द्यायचास. आता दारात आलीये, तर राहू दे की. तिची आठवण म्हणून."

"राहू दिली होती गं." केटिल म्हणाला. "वारा सुटला की सळसळते. कुणीतरी चालत येतंय असंच वाटतं. मी दरवेळी दार उघडतो."

रान्वेइगनं ट्रॉलीची फळी खाली पाडली आणि बाजूला झाली.

कोकरं आधी उतरेचनात. मग एक काळं, पांढऱ्या तोंडाचं कोकरू धडपडत खाली आलं, इकडं तिकडं हुंगलं आणि सरळ ह्वोनच्या पानांत तोंड खुपसून ओरबाडू लागलं. केटिलचा हात हाकलायला वर गेला. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग खाली आला.

रान्वेइग गेली. केटिल कोकराजवळ एका खडकावर बसला. कोकरू दचकलं, पान तोंडात तसंच धरून मागं सरलं.

"खा," केटिल त्याला म्हणाला. "सावकाश खा. ओरडणारी आता कुणी नाही."