वरची कडी

"या दाराला वर कडी कधी नव्हतीच," मुख्याध्यापक ब्रदर म्हणाले. "पण ही भोकं लांबी-पुट्टीने बुजवा, वरून पॉलिश मारा. उद्या नऊला चौकशी समिती खोली बघायला येतेय."

कडी नव्हती, तर भोकं काय उंदरांनी पाडली? पण सुतार तोंडाने "बरं" म्हणाला. गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार!

मिशनच्या शाळेतली जुनी गाण्याची खोली होती ती. दारावर स्क्रूची चार भोकं, त्याच्या डोक्याच्याही वर. त्याने सवयीने टेप लावली. जमिनीपासून सहा फूट. आठ वर्षांच्या पोराने उडी मारली तरी हात पोचणार नाही.

त्याने टेप पुन्हा लावून पाहिली. सहा फूटच.

त्याचा धाकटा भाऊ याच शाळेत होता. आठ वर्षांचा असताना एकदा रडत घरी आला होता. "दादा, गाण्याचे ब्रदर वरची कडी लावतात, नको तिथे हात लावतात. मला कडी पोचत नाही." थोरल्याने, म्हणजे यानेच, त्याच्या मुस्काटात मारली होती. देवमाणसावर आळ घेतोस? धाकटा पुन्हा कधी बोलला नाही, गायलाही नाही. तीस वर्षांनी आता त्याने समितीला सगळं लिहून दिलं, तेव्हाही थोरला म्हणाला होता, झाकली मूठ कशाला उघडतोस?

सुताराने लांबीचा डबा बंद केला.

"ब्रदर, दार कारखान्यात न्यावं लागेल. इथे पॉलिश वाळायचं नाही."

"उद्या नऊच्या आत हवं हं!"

"नऊला दार इथे असेल. शब्द देतो."

त्याने बिजागऱ्या सोडवल्या, शिपायाला हाताशी घेतलं आणि दार टेम्पोत चढवलं. टेम्पो कारखान्याकडे गेलाच नाही. तो थेट धाकट्याच्या घरासमोर थांबला.

धाकटा बाहेर आला. टेम्पोला टेकवून उभं केलेलं दार त्याने ओळखलं. त्याने हात वर केला. बोट आरामात भोकांवर टेकलं.

"तू खरं बोलत होतास," थोरला म्हणाला. "मीच हरामखोर. उद्या हे असंच, भोकांसकट, समितीसमोर नेऊन उभं करतो."

धाकटा वाकला. त्याने खालून दाराची एक बाजू धरली.

"जड आहे, दादा," तो म्हणाला. "एकट्याला नाही झेपत."