तीन आले, दोन गेले

“एक अँपिअर,” जमुना म्हणाली, आणि समोरच्या साहेबांच्या कपाळावर आठी पाहून तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

वायरमनच्या परवान्याची तोंडी परीक्षा, अकोल्यात, आणि जमुनाची ही तिसरी खेप. बार्शीटाकळीत पंपाच्या जळालेल्या मोटारीला नवी तार भरावी तर तिनंच, असं सारे म्हणतात. पण विजेच्या कामाच्या कागदावर सही मात्र दरवेळी दुसऱ्याची. दुसऱ्याच्या सहीला ती आता पार विटली होती.

साहेबांनी कागदावर दोन बाण काढले. “पुन्हा सांगतो. बॅटरीतल्या पाण्यात एका सेकंदात तीन कूलॉम धन भार डावीकडून उजवीकडे गेला. त्याच सेकंदात दोन कूलॉम ऋण भार उजवीकडून डावीकडे गेला. प्रवाह किती?”

“तीन इकडं आले, दोन तिकडं गेले. तिनातून दोन गेले, राह्यला एक. एकच न साहेब?”

“पाच.”

जमुनाला काही केल्या उमगेना. मोटारीच्या तारेला मीटरचा चिमटा लावला की अँपिअरचा आकडा आपसूक दिसतो. आत कोण कुठं चाललंय ते कोणी पाहिलं? आणि आलेल्या-गेलेल्यांची बेरीज करायची, ही कुठल्या गावची रीत? तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग.

“पास-नापास राहू द्या साहेब. पन पाच काहून, थे सांगा मले.”

असं कोणी विचारत नसावं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ऋण म्हणजे काय?”

“उणं.”

“मग उजवीकडून काय गेलं?”

“उणं गेलं.”

“ज्या बाजूचं उणं गेलं, त्या बाजूचं काय झालं?”

जमुना बाणांकडे बघत राहिली. एकदा बोटांवर मोजलं, मोडलं, पुन्हा मोजलं. बाहेरून पुढच्या उमेदवारानं दारातून डोकावून पाहिलं, तरी ती हलली नाही. मग तिनं साहेबांचंच पेन उचललं आणि दोन्ही बाणांच्या खाली पाचाचा आकडा काढला.

साहेबांनी तिच्या नावापुढं ‘पास’ लिहिलं. “इतका वेळ घोडं अडलं होतं. एकाएकी कसं काय समजलं, जमुनाबाई?”

“मांगच्या दिवाळीले माही माय माह्याकडं राह्यले आली, साहेब. आन त्याच महिन्यात पेताड नवरा घर सोडून गेला.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “लोक म्हनत, एक आलं, एक गेलं, जमुनाचं घर होतं तसंच राह्यलं. आजवर मीबी तसंच मोजून राहिली होती.”