मनी प्लांटच्या रिकाम्या बाटल्या

"आजही एक बाटली रिकामी," चैताली मॅडम म्हणाल्या. सातवीच्या वर्गाने खिडकीकडे पाहिलं.

खिडकीत बाटल्यांची रांग होती. प्रत्येकीत पाणी आणि मनी प्लांटची एकेक फांदी. फूल नाही, बी नाही, नुसत्या पेरातून मुळं कशी फुटतात ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं, म्हणून हा खटाटोप. मुळं छान सुटली आणि फांद्या नाहीशा व्हायला लागल्या.

उद्या देवळाली कॅम्पला विज्ञान प्रदर्शन होतं. प्रयोग समजावून सांगायला निकिता जाणार होती. बाटल्यांचं पाणी बदलायचं कामही तिचंच. सगळे प्रार्थनेला गेले की वर्गात ती एकटीच.

"मॅडम, हिच्या आईची शाळेच्या फाटकाशी रोपांची गाडी आहे," हर्षल म्हणाला. "माल कुठून येतो ते कळलं!"

वर्ग हसला.

"तू घेतलीस?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

"मग कोणी? तू पाहिलंयस ना?"

निकिताने ओठ घट्ट मिटले.

"नाव सांग. नाहीतर उद्या हर्षल जाईल."

तिचे डोळे भरले. "हर्षललाच न्या, मॅडम."

मधल्या सुट्टीत मॅडम फाटकाशी गेल्या. निकिताच्या आईच्या, लंकाबाईच्या गाडीवर तुळस होती, मोगरा होता, मनी प्लांटही होता.

"हे कुठून आणता?"

"नर्सरीतून. का वो मॅडम?" लंकाबाई हसली. "निकी उद्याचं सारखं पाठ करती. झोपेतबी मुळंच फुटत्यात तिला!"

मॅडम हसल्या नाहीत. किती गोड बोलते, त्यांना वाटलं. संशयाला ना माती लागते ना पाणी.

वर्गात टेबलावर मॅडमचा डबा होता. गल्लीत सप्ताह बसल्यापासून सासूबाई सकाळी पारायणाला जाता जाता तो ठेवून जायच्या. आज तो त्यांनी उघडलाच नाही. मॅडमनी हर्षलचं नाव कळवून टाकलं.

संध्याकाळी सासूबाई खुशीत होत्या. त्यांनी सुनेच्या हातावर काला ठेवला. "आज काल्याचं कीर्तन. बुवांनी लोणीचोरी अशी रंगवली, अख्खा मंडप हसता हसता रडला बघ!"

"आई, चोरी माझ्या वर्गातही चाललीय. मनी प्लांटची. पाणी घालणाऱ्या पोरीला आज प्रदर्शनातून काढलं मी."

सासूबाईंचा हात थांबला.

"अगं, चोरी कसली ती! मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, गुपचूप उचलावा लागतो. भजनी मंडळातल्या बायका मागे लागल्या, म्हणून रोज एक फांदी नेत होते. त्या पोरीने पाहिलं मला. म्हटलं, बाळा, कुणाला सांगू नको, सांगितलं की वेल जळतो. तर म्हणाली, 'आजी, माझ्या तोंडून एकही वेल जळायचा नाही.'"