दार उघडायचं नाही

बेल तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तिने दुधाखालचा गॅस बंद केला. दूध उतू गेलं तर आवाज होत नाही, पण वास दाराबाहेर जातो. मग पंखाही बंद केला आणि दाराजवळच्या स्टुलावर ती जीव मुठीत धरून बसली.

भाच्याने फोनवर बजावलं होतं. तो कोर्टात कारकून, म्हणजे घरातला वकीलच.

"मावशी, घर ताब्यात घ्यायचं तर बँकेला आधी नोटीस द्यावी लागते, तुझ्या हातात. तू भेटली नाहीस तर दारावर चिकटवतील, पण तू तिथेच राहतेस असं शेजाऱ्याने लिहून द्यायला हवं. तेवढं झालं की मुदत सुरू. म्हणून सांगतो, काही झालं तरी दार उघडायचं नाही. मी तोवर हप्त्यांचं बघतो."

कर्ज नवऱ्याने दुकानासाठी काढलेलं. आधी दुकान गेलं, मग तो गेला. उरल्या या दोन खोल्या. त्या गेल्या की भाच्याच्या हॉलमधला सोफा, आणि त्याच्या बायकोचं तोंड.

बँकेच्या माणसाने शेजारची बेल वाजवली. तिने कान दाराला लावला. शेजारचं तिला सगळं ठाऊक होतं. बाळाला दात येतायत, नवऱ्याची रात्रपाळी लागलीय, परवा सासूच्या फोनवरून खडाजंगी झाली. भिंतच तेवढी पातळ. वाऱ्याने उडालेलं बाळाचं झबलंही तिने दोनदा त्यांच्या कडीला अडकवलं होतं.

"या बाजूच्या घरातल्या बाई कुठे गेल्यात?"

"तिथे? तिथे कोणी राहत नाही," शेजारीण म्हणाली.

दाराआड तिचे डोळे भरून आले. किती गुणाची पोर! ओळख ना देख, आणि आपल्यासाठी खोटं बोलली. बाळाला स्वेटर विणायचा, तिने बसल्या जागी ठरवून टाकलं.

"नक्की ना?"

"अहो, आम्ही आल्यापासून बंदच आहे. बरं झालं तुम्ही आलात. भाड्याने देणार असतील तर सांगाल? माझ्या दिराला हवंय."

खोटं बोलणारं माणूस इतक्या आशेने भाड्याची चौकशी करत नाही. तिला ते कळलं.

"मग ही नोटीस परत न्यायची," बँकेचा माणूस वैतागून म्हणाला. "बाईंचा नवा पत्ता शोधा, सगळं पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे घर वाचलं होतं. भाच्याने तर पाठ थोपटली असती. तिला मात्र स्टुलावर बसवेना. जिना उतरणारी पावलं ऐकू आली आणि तिने धडपडत कडी काढली.

"अहो, थांबा!" ती जिन्याच्या कठड्यावरून ओरडली. "राहते की मी इथे! आणा ती नोटीस, कुठे सही करू?"