स्थळ आणि सदाफुली

रेणुकाबाईनं आपल्या परसातली टोपलीभर रोपं रामलिंगाच्या कट्ट्यावर मांडली, पण तिचे डोळे घरावर होते. भिंती सारवलेल्या, उंबरा धुतलेला, गोठ्यातले बैल पोट भरलेले. भाचीला नांदायला घर बरं होतं.

भाची म्हणजे तिच्या भावाची, अंबाजीची मुलगी पद्मा. युक्ती अंबाजीचीच. मादन हिप्परग्याच्या रामलिंगानं नवं घर बांधलंय, त्याला दारात फुलझाडं पाहिजेत आणि त्याचा पुतण्या सिद्धू लग्नाचा आहे. उघड बघायला गेलं की माणसं गोड बोलतात. झाडांच्या निमित्तानं गेलं तर आहेत तशी दिसतात.

"तुज्यासारखी नजर कुणाला न्हाई, अक्का," असंही अंबाजी म्हणाला होता.

रेणुकाबाईला ते पटलं. ऐन तरुणपणी नवरा गेला तशी ती माहेरी परतली आणि भावाचं घर तिनंच सावरलं. पद्मा तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. स्वतःसाठी आलेली विचारणा मात्र तिनं अशी फटकारून परतवून लावली की पुन्हा तो विषय काढायची घरात कुणाची छाती झाली नाही.

रामलिंग मेंढरं विकायला हैदराबादेला जायचा. तिथल्या बंगल्यांपुढच्या कुंड्या त्याच्या मनात भरल्या होत्या. हिप्परग्यात कुंड्या कुठल्या? त्यानं राकेलचे रिकामे डबे, काठ फुटलेला रांजण, अर्धी घागर असं काय काय गोळा केलं होतं. विहीर लांब, घरात बाईमाणूस म्हणजे एक म्हातारी आई, तिच्यानं पाणी भरवत नाही आणि तो स्वतः दिवसभर रानात. रंग भरपूर पाहिजे आणि लाड कमी, एवढंच त्याचं म्हणणं.

मोगरा आणि शेवंती तिनं आधीच बाजूला काढली. ती रोज पाणी मागतात. डब्यांसाठी सदाफुली सांगितली, गुलाबी नि पांढरी. ती उन्हाळ्यातही फुलते आणि कडू असल्यानं मेंढरू तिला तोंड लावत नाही. खोल रांजणात गुलबक्षी, कारण ती सांजेला उमलते. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाच्या वाट्यालाही फूल यावं. कडेच्या डब्यांत लालभडक कोंबडा, त्याचं बी झडून पुढच्या साली आपोआप उगवतं. अर्ध्या घागरीत चिनी गुलाब.

सिद्धूला तिनं मुद्दाम कामाला लावलं. डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाड, लेंडीखत आण, माती चाळ. पोरानं एकदाही कपाळाला आठी घातली नाही. उलट सारखा गालात हसत होता. रेणुकाबाईनं मनातल्या मनात त्याला पास केलं.

रामलिंगाची आई सिद्धव्वा दारात लोकर कातत बसली होती. ती बोलघेवडी निघाली. पहाटे कधी उठतेस, तिखट किती खातेस, मेंढरांचा वास सोसतो का, सगळं विचारून घेतलं. पद्माबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे आपला बेत यांना कळलेला नाही, या समाधानात रेणुकाबाईनं मोकळेपणानं उत्तरं दिली.

रामलिंग तिला जरा तुसडा वाटला. परक्या बाईला कुणीही अक्का म्हणतं. सिद्धू तर दर वाक्याला म्हणत होता. हा मात्र नुसतंच 'तुमी' म्हणायचा. पण पाण्याच्या घागरी त्यानं कुणाला सांगितल्या नाहीत, स्वतः खांद्यावर आणल्या.

शेवटचा डबा उरला तेव्हा त्यानं विचारलं, "तुमाला कंचं फूल आवडतं?"

"मला काय करायचंय? झाडं तुमच्या दारात लावायचीत."

"तरी सांगा."

"अबोली," ती म्हणाली, आणि आपण बोलून गेलो याचंच तिला नवल वाटलं. हे तिला कितीतरी वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मग घाईनं तिनं सांगितलं, की अबोलीला सावली लागते, पाणी लागतं, तुमच्या कामाची नाही.

"घालीन की पाणी," रामलिंग म्हणाला.

सांजेला ती घरी आली ती खुशीतच. घर चांगलं, म्हातारी मायाळू, पोरगा कामाला वाघ, असं तिनं सांगितलं. पद्मा पदरात तोंड खुपसून हसत होती.

"आन चुलता कसा वाटला?" अंबाजीनं विचारलं.

"तुसडा हाय जरा, पण मन निर्मळ. संसार सिद्धूसंगं करायचाय, तू चुलत्याचं कामून इचारायलास?"

अंबाजी तंबाखूची चंची शोधू लागला.

मग काही दिवसांनी हिप्परग्याची माणसं आली. सिद्धव्वा, नवा फेटा बांधलेला रामलिंग, सिद्धू आणि गावचे दोन जाणते. रेणुकाबाईनं पुरणाचा घाट घातला होता. पद्मा मात्र नवं लुगडं नेसायलाच तयार नव्हती. दोघींची झटापट झाली आणि पोरगी जुन्याच लुगड्यात राहिली. रेणुकाबाईनं पाहुण्यांपुढं पाट मांडला, भाचीचा हात धरून तिला पुढं आणलं आणि म्हणाली, "अव्वा, ही आमची पद्मा."

सिद्धव्वानं पोरीच्या गालावरून हात फिरवला. "गोड लेकरू हाय. हिचं आन सिद्धूचं पुढं सावकाश बघू," ती म्हणाली. "आज आमी माज्या रामलिंगासाठी आलाव. बघणं तर झाडं लावली त्याच दिशी झालंय."

रेणुकाबाईनं भावाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. रामलिंगाचा चेहरा फेट्याइतकाच लाल झाला होता.

"तुमी न्हाई म्हणलात तर जेवून गुमान परत जाताव," तो म्हणाला.

पद्मानं हात सोडवून घेतला, पाट आत्याकडं सरकवला, आणि रेणुकाबाई बसली.