दिवंगत ऑस्कर तुस्कानो

ऑस्कर तुस्कानो तिसऱ्या बाकावर जिवंत बसले होते, आणि वेदीशेजारून त्यांच्या आत्म्याला चिरशांती मागितली जात होती.

“...तसंच दिवंगत ऑस्कर तुस्कानो यांच्यासाठी,” विनयाने माइकवर वाचलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, कोणाकोणासाठी आहे ती नावं ही मुलगी दर रविवारी वाचते. चिठ्ठीवर असेल ते वाचायचं, एवढंच तिचं काम. “प्रभू, आमची प्रार्थना ऐक,” सगळं चर्च एका सुरात म्हणालं. सवयीने ऑस्करही म्हणून गेले, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

आज त्यांचा बहात्तरावा वाढदिवस. आभाराच्या मिस्सासाठी त्यांच्या बायकोने, ॲंजेलाने, चिठ्ठी द्यायची होती. आणि या गाढवांनी ती मेलेल्यांच्या यादीत घातली! त्यांची कानशिलं तापली. पुढे रिवाजाप्रमाणे शेजाऱ्याने हात हातात घेऊन “शांती असो” म्हटलं, तेव्हा तो हात पिरगाळावासा वाटला त्यांना.

ॲंजेला बाजूला मान खाली घालून बसली होती. गेले दहा दिवस तिचं एकच चाललं होतं, एरॉलला भेटून या. एरॉल म्हणजे ऑस्करचा धाकटा भाऊ, कुंपणापलीकडे राहणारा. दोन्ही किडन्या गेलेल्या, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. दारात पाऊल वाजलं की तो विचारतो, “दादा आला काय?” पण नऊ वर्षांपूर्वी सामाईक विहिरीचं पाणी वाडीला लावायच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं, ते बिनसलेलंच. ती विहीर आता खारट झाली आहे, तिचं पाणी कोणी गुरालाही पाजत नाही. “माझा वाढदिवस होऊ दे, मग बघू. घाई कसली?” असं ऑस्कर म्हणाले होते. मरणाऱ्याला घाई नसते असं या गृहस्थांना वाटत असावं.

मिस्सा संपताच ते फादर झगा उतरवतात त्या खोलीत घुसले.

“फादर, मी मेलो काय? अख्ख्या गावासमोर पुरलंत मला! कोणाची चूक हाय ही? नाव पायजे मला. आत्ताच्या आत्ता माइकवर सांगा, ऑस्कर जिवंत हाय म्हणून!”

फादर क्लेटन बिचारे घामाघूम झाले. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून दोनदा चाळला.

“अंकल, वाढदिवसाची चिठ्ठी आलेलीच नाही. तुमच्या नावाची ही एकच आहे.”

चिठ्ठीवर ‘दिवंगत’ ठळक लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. अक्षर ओळखीचं होतं.

“फादरवर कशाला ओरडता?” दारातून ॲंजेला म्हणाली. संतापाने तिचा आवाज कापत होता. “मीच लिवली ती. पाप लागलं तर पापनिवेदन मी करीन. तुमचा भाऊ मरायला टेकलाय, आन् तुम्हाला माइकवर जिवंत व्हायचंय? जा, त्याला सांगा जाऊन. त्याच्या घरात तुम्ही नऊ वर्षांपूर्वीच मेलात. मिस्सा तेवढी राहिली होती.”